अर्ध्यावर उतरता येते, म्हणून ती वाट सोपी

"व्यायाम करा." परिचारिका म्हणून एकतीस वर्षे वॉर्डात उभी राहून मी हे दोन शब्द सांगत आले. साखर वाढलेल्यांना सांगितले, रक्तदाब असलेल्यांना सांगितले, गुडघे धरून बसणाऱ्या बायांना सांगितले. पुढच्या तपासणीला ती माणसे तशीच परत आली की मी मनात म्हणायची, यांना स्वतःच्या शरीराची काळजीच नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या एका नदीकाठच्या सायकलवाटेवर माझे हे मत बदलले.

कसे बदलले ते या पानावर लिहिण्याचे कारण आहे. आपल्यातील पुष्कळ घरांची मुले-मुली आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी युरोपात आहेत. आईवडील त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहायला जातात आणि "आता काय, वय झाले" म्हणून तिथेही खिडकीशी बसून राहतात. मीही तशीच बसले होते.

माझी मुलगी म्युनिकला असते. जुलैत तिने आणि जावयाने दोन दिवसांची सहल ठरवली. सायकलची सहल आहे हे कळल्यावर मी म्हटले, "तुम्ही तिघे जा, मी स्टेशनवर बसते." माझे वय साठ, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. सायकल शेवटची चालवली ती लग्नाआधी, तीही भावाची, दांडीखालून पाय घालून. मुलगी म्हणाली, "आई, तू निदान बसून तर बघ. नाही जमले तर पुढच्या स्टेशनवर उतर." तिच्या या शेवटच्या वाक्याचे मोल मला तेव्हा कळले नव्हते.

वाट कोणती

आल्प्स पर्वतात, इटलीच्या अगदी उत्तरेला पुस्टर नावाचे लांबट खोरे आहे. त्यात टोब्लाख हे गाव आहे. इटालियन भाषेत त्याला दोब्बियाको म्हणतात; तिथे प्रत्येक गावाला जर्मन आणि इटालियन अशी दोन नावे असतात. टोब्लाखजवळची जमीन दिसायला सपाट, पण तीच पाणलोटाची सीमा आहे. तिच्या पश्चिमेला पडलेले पाणी रिएन्झ नदीतून शेवटी एड्रियाटिक समुद्राला जाते. पूर्वेला पडलेले पाणी द्राऊ नदीतून डॅन्यूबला आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला जाते. द्राऊ इथेच उगम पावते, आणि तिच्या काठाने जी सायकलवाट निघते ती ऑस्ट्रियातून थेट स्लोव्हेनियापर्यंत जाते. एवढी लांब वाट करणारे प्रवासीही असतात. पण कुटुंबे करतात तो टप्पा छोटा आहे: टोब्लाखच्या पुढच्या इनिखेन गावापासून ऑस्ट्रियातील लिएंझ शहरापर्यंत, सुमारे ४४ किलोमीटर.

इनिखेन समुद्रसपाटीपासून सुमारे ११७५ मीटर उंचीवर आहे आणि लिएंझ सुमारे ६७३ मीटरवर. म्हणजे ४४ किलोमीटरमध्ये वाट ५०० मीटर खाली उतरते. उतार जवळपास सगळ्या वाटेवर वाटला गेला आहे. बऱ्याच ठिकाणी पायडल हलके मारले तरी पुरते, काही ठिकाणी तेही लागत नाही. वाट बहुतेक डांबरी आहे आणि मोटारींच्या हमरस्त्यापासून वेगळी आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला गवताची कुरणे, मधूनमधून जंगल आणि वर डोलोमाइट पर्वताचे करडे सुळके.

इनिखेनमध्ये सायकली भाड्याने मिळतात. दुकानातल्या मुलाने माझी उंची पाहून लेडीज सायकल काढली आणि सीट बसवून दिली. सातवीतल्या माझ्या नातवाला त्याच्या मापाची सायकल मिळाली. ज्यांची मुले लहान असतात त्यांना सायकलीमागे जोडायची छोटी दोनचाकी गाडीही मिळते. पोर आत बसते, वर जाळी असते. मी गावातल्या मोकळ्या जागेत तीन-चार फेऱ्या मारल्या. पहिली फेरी कशीबशी झाली. तिसऱ्या फेरीला हँडल हलायचे थांबले. शरीर विसरलेले नव्हते.

थोड्याच वेळात आम्ही इटलीतून ऑस्ट्रियात गेलो. हे खोरे १९१९ च्या सां-जर्मेंच्या तहाने दोन देशांत कापले गेले. त्याआधी ते सगळे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. १९९८ साली या सीमेवरची नेहमीची तपासणी उठली. आज तिथून शाळकरी मुले घंटी वाजवत पार होतात. नातवाने विचारले, "आजी, देश कुठे बदलला?" मलाही दाखवता आले नाही.

सोपी म्हणजे काय

सिलियान गाव गेले, हाइनफेल्सचा टेकडीवरचा किल्ला गेला. त्याच गावात लोआकर वेफरचा कारखाना आणि दुकान वाटेला लागूनच आहे, तिथे थांबल्याशिवाय कोणतेही मूल पुढे जात नाही. पुढे आबफाल्टर्सबाखनंतर खोरे अरुंद होते. तिथे काही उतार तीव्र आहेत. मी दोन्ही ब्रेक धरून उतरले. एके ठिकाणी सरळ खाली उतरून सायकल हातात धरून चालले. कोणी हसले नाही. माझ्यासारखे आणखी चौघे-पाच जण चालत होते.

मिटेवाल्डला पोहोचलो तेव्हा अर्धी वाट मागे पडली होती. नातवाचा चेहरा उतरला होता आणि माझे तळहात बधिर झाले होते. जावई म्हणाले, "आई, तुम्ही आणि तो इथून रेल्वेने लिएंझला जा. आम्ही सायकलने येतो." त्या खोऱ्यातून रेल्वे जाते. १८७१ मध्ये ती सुरू झाली. सायकलवाट आणि रूळ एकाच नदीच्या काठाने चालतात, आणि सिलियान, आबफाल्टर्सबाख, मिटेवाल्ड, थाल अशी छोटी स्टेशने वाटेवर आहेत. गाडीत सायकल चढवता येते. आम्ही आजी-नातू सायकलींसह गाडीत चढलो आणि लिएंझला त्या दोघांच्या आधी पोहोचलो. तिथे इझेल नावाची नदी येऊन द्राऊला मिळते. गंमत अशी की इझेलचे पाणी द्राऊपेक्षा जास्त, पण पुढे नाव द्राऊचेच चालते.

संध्याकाळी लिएंझहून सगळे मिळून रेल्वेने इनिखेनला परतलो. तासाभराच्या आत गाडी पोहोचते. दिवसभर उतरलेली उंची परत चढण्याचे काम इंजिनाने केले.

त्या गाडीत बसल्या बसल्या मला माझ्या वॉर्डातल्या बाया आठवल्या. मी आज जवळपास २८ किलोमीटर सायकल चालवली होती. माझ्या इच्छाशक्तीत एका दिवसात काय फरक पडला होता? काहीच नाही. मी तीच होते, गुडघेही तेच होते. फरक वाटेत होता. मोटार अंगावर येण्याची भीती नव्हती. चढ नव्हता. चुकण्याची शक्यता नव्हती, कारण जागोजागी पाट्या होत्या. सायकल विकत घ्यावी लागली नव्हती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे न जमल्यास मधेच उतरून जाण्याची सोय होती.

"नाही जमले तर पुढच्या स्टेशनवर उतर." माझ्या मते सोपेपणाची खरी व्याख्या हीच आहे. जिथे अर्ध्यावर थांबल्याने माणूस अडकत नाही, लाजत नाही, आणि उद्या परत यायला घाबरत नाही, ती वाट सोपी. अंतर किती आणि चढ किती हा प्रश्न त्यानंतरचा.

नदी निसर्गाने दिली, उतारही निसर्गाने दिला. पण नदीकाठी वेगळी वाट बांधणे, तिची डागडुजी करणे, पाट्या लावणे, रेल्वेत सायकलींना जागा ठेवणे, छोट्या स्टेशनवर गाडी थांबवणे, हे सारे माणसांनी ठरवून केले आहे आणि सार्वजनिक पैशातून केले आहे. तिथला सोपेपणा बांधलेला आहे, जसा पूल बांधतात तसा. वॉर्डात मी कधीच कोणाला विचारले नव्हते, "तुमच्या दाराबाहेर चालायला जागा आहे का? परत येताना दम लागला तर बसायला काही आहे का?" मी फक्त "करा" म्हणत होते.

आक्षेप दोन

परत आल्यावर हे सांगितले तेव्हा माझ्या एका जुन्या सहकारी बाई म्हणाल्या, "उतारावर सायकल सोडायची आणि रेल्वेने वर यायचे, हा कसला व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. उतारावर हृदयाला आणि स्नायूंना चढापेक्षा पुष्कळ कमी काम पडते, हे खरेच आहे. ज्याला दम वाढवायचा आहे त्याने लिएंझहून उलट, इनिखेनकडे चढत यावे. तसे करणारेही वाटेत दिसतात.

पण जागतिक आरोग्य संघटना काय सांगते ते पाहा. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे करावी, असे तिचे मार्गदर्शन आहे. पूर्वी ही हालचाल एका वेळी निदान १० मिनिटे सलग असावी अशी अट होती. २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकली. कितीही थोडी हालचाल असली तरी ती न करण्यापेक्षा चांगली, असा त्याचा अर्थ. जो माणूस शून्यावर आहे त्याच्यासाठी शून्यापासून एकापर्यंत येणे हेच सर्वांत अवघड काम असते, आणि सर्वांत जास्त फायदाही तिथेच असतो. उताराची वाट त्या माणसासाठी आहे. शिवाय तीन-चार तास तोल सांभाळणे, ब्रेक धरणे, मधल्या सपाटीवर पायडल मारणे, हे काही बसून राहणे नव्हे. सायकलीवर शरीराचे वजन सीटवर असते, त्यामुळे कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर चालण्यापेक्षा कमी भार पडतो आणि सांधा मात्र हलता राहतो. दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या दुखत होत्या. गुडघे नव्हते.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेते. ही वाट सगळ्यांसाठी आहे असे म्हणताना ती फुकट नाही हे विसरू नये. सायकलीचे भाडे, रेल्वेचे तिकीट, राहणे, खाणे असे चार माणसांचे मिळून पैसे बरेच होतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गर्दीही फार असते. तीन-तीन जण शेजारी शेजारी चालवतात, विजेवरच्या सायकली भुर्रकन बाजूने जातात, आणि संध्याकाळच्या गाडीला सायकलींची रांग लागते. "सोपी वाट" ही पाटी वाचून अगदी नवशिक्या मुलाला मोकळे सोडणारे पालकही मी पाहिले. सोपी म्हणजे धोका नसलेली, असे नाही. ब्रेक धरता न येणाऱ्या मुलासाठी अरुंद भागातला उतार सोपा नाही.

तरीही वाट स्वतः खुली आहे. तिला फाटक नाही, तिच्यावर तिकीट नाही. त्या गावातली माणसे तिच्यावरूनच दुकानात जातात, म्हातारे काठी घेऊन फिरतात. पाहुण्याला सहलीसाठी मिळते तेच गावकऱ्याला रोजच्या जगण्यासाठी मिळते. आरोग्याची सोय अशीच असावी, असे माझे मत आहे. वर्गणी भरणाऱ्यांसाठी वेगळा कोपरा राखण्यापेक्षा सगळ्यांच्या दारावरून जाणारी वाट बरी.

जाणाऱ्यांसाठी थोडे

ज्यांची मुले त्या भागात असतील आणि ज्यांना जायचे असेल त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

सकाळी लवकर निघावे. उन्हाळ्यात दुपारी खोऱ्यात खालून वर वारा वाहू लागतो, तो उतरणाऱ्याच्या तोंडावर येतो आणि उतार असूनही पाय दुखवतो. दुपारनंतर डोंगरात गडगडाटासह पाऊसही होतो. पावसाचे पातळ जाकीट जवळ असावे. हवा थंड वाटली तरी उंचीवर ऊन कडक असते. टोपी आणि पाणी लागतेच.

सीटची उंची नीट लावून घ्यावी. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली असेल तर गुडघ्यावर ताण येतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधी तपासावे. तळहात बधिर होत असतील तर हँडलवर जोर टाकून बसू नये. दर काही किलोमीटरला थांबून हात झटकावेत. मी हे केले नाही म्हणून मिटेवाल्डला माझी बोटे सुन्न झाली.

उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. एकदम फक्त पुढचा ब्रेक दाबला तर माणूस पुढे फेकला जातो. मुलाला निघण्यापूर्वी सपाट जागेत हे करून दाखवावे आणि वाटेत मोठ्या माणसाने त्याच्या जवळ राहावे. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. मोठ्यांना सक्ती नाही, पण डोके मोठ्यांचेही एकच असते. आम्ही चौघांनीही घातले.

मधुमेह असलेल्यांनी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. जास्त हालचालीने साखर एकदम उतरू शकते. घाम सुटला, हात थरथरले, डोके हलके झाले तर लगेच थांबून गोड खावे. खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या असाव्यात. पिशवीत मागे बांधलेल्या नकोत. छातीत दुखणे, चालताना दम लागणे असा त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सायकलवर बसू नये. रक्तदाबाची गोळी सहलीच्या दिवशीही चुकवू नये.

आणि निघण्याआधीच घरात सगळ्यांसमोर ठरवून टाकावे की ज्याला वाटेल त्याने कोणत्याही स्टेशनवर उतरावे, त्याबद्दल कोणी बोलायचे नाही. अशी सहल बिघडते ती बहुतेक वेळा "आता एवढे आलोच आहोत तर" या वाक्याने. माझ्या नातवाला मिटेवाल्डला कोणी हिणवले असते तर त्याने पुन्हा सायकल मागितली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच विचारले, "आजी, राहिलेली वाट कधी करायची?"

शेवटी

मी आता वॉर्डात नाही. पण ओळखीच्या बाया अजून घरी येतात, रिपोर्ट दाखवतात. पूर्वी मी लगेच "रोज चालत जा" म्हणायची. आता आधी विचारते, कुठून कुठे चालाल? मध्ये थांबायला कोणाचे घर आहे? थकलात तर परत कशा याल? उत्तर मिळाले की त्या बाईसोबत बसून तिच्यापुरती एक वाट आखते. अंतर थोडेच ठेवते, आणि मधेच परत फिरायची जागा त्यात आधीच धरते. ज्या बाया आधी दोनदा ऐकून गप्प बसल्या होत्या, त्यांतल्या काही आता चालू लागल्या आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, तुम्ही घरातल्या कोणाला व्यायामाचा आग्रह करत असाल तर त्याच्या आळसावर बोट ठेवण्यापूर्वी त्याच्या वाटेकडे पाहा. द्राऊच्या काठी मला एवढेच शिकायला मिळाले. साठ वर्षांची, गुडघेदुखीची बाई २८ किलोमीटर सायकल चालवू शकते, जर कोणीतरी आधीच विचार करून वाटेवर स्टेशने ठेवली असतील तर. राहिलेले सोळा किलोमीटर अजून बाकी आहेत. पुढच्या जुलैत नातवाला शब्द दिला आहे: या वेळी मिटेवाल्डहूनच निघायचे.